काकांची फियाट उतारावरच का?

आमच्या गावच्या घरासमोर अंगण आहे. अंगणाला लागून खळं आहे आणि खळ्यापलीकडे भरपूर सपाट मोकळी जागा. तरीही आमची फियाट गेली तीसेक वर्षं घरापासून पन्नास पावलांवर, रस्त्याच्या उतारावर, तोंड खाली करून उभी असते. पुढच्या चाकांना दोन मोठे दगड. लहानपणी मला वाटायचं की गाड्या लावायची पद्धतच अशी असते. मोठा झाल्यावर कळलं की ही पद्धत नाही, हा वर्कअराउंड आहे. आणि वर्कअराउंड दिसला की आमच्या जमातीला पहिला प्रश्न पडतो, की मूळ बग काय होता?

गाव कुठे ते सांगतो. कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून माळशेजच्या दिशेने पुढे गेलं की सरळगाव लागतं. तिथून डावीकडे किन्हवलीवरून शहापूरला रस्ता जातो. त्या रस्त्यावर, मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ आमचं गाव. मुंबईकर म्हणतात "ठाणे जिल्हा म्हणजे मुंबईच की". त्यांनी एकदा जानेवारीत पहाटे पाचला आमच्या पडवीत झोपून दाखवावं!

तर झालं असं की, या जानेवारीत म्हसा यात्रेसाठी गावी गेलो होतो. (म्हसा आमच्या मुरबाड तालुक्यात. पौष पौर्णिमेला यात्रा भरते, बैलबाजार मोठा असतो.) सकाळी सहाची वेळ, अंगणात शेकोटी, मोबाईल ११ अंश दाखवतोय आणि काका फियाटला सेल्फ मारतायत. खर्र... खर्र... खर्र... काही नाही. दगड काढले. मी आणि चुलतभावाने धक्का मारला. गाडी उतार संपेपर्यंत गेली, दोनदा शिंकली आणि गप्प झाली. काका उतरले, दार आपटलं आणि म्हणाले,

"बस झालं. यंदा देऊन टाकतो भंगारात. दोन वर्षं झाली, आता उताराला पण ऐकत नाय."

भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं म्हणे. मी म्हटलं, "काका, मला दोन दिवस द्या."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू कॉम्प्युटरवाला."

खरं होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फायलिंग करून एक जॉब बनवला, तेवढाच माझा लोखंडाशी संबंध. पण पोटापाण्यासाठी मी काय करतो? ज्यांनी लिहिला ते कधीच सोडून गेले, असा जुना कोड वाचतो आणि तो कुठे अडतोय ते शोधतो. फियाटमध्ये वेगळं काय आहे?

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय हा बग समजणार नाही.

पेट्रोल इंजिन आपणहून सुरू होत नाही. आधी ते कुणीतरी फिरवावं लागतं. मग हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं, दाबलं जातं, ठिणगी पडते आणि गाडं पुढे चालतं. सुरुवातीच्या काळात हे 'कुणीतरी' म्हणजे माणूस. गाडीसमोर उभं राहून हँडल मारायचं. त्याचा एक नियम होता. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला मूठ आवळायची नाही. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटं फिरतं आणि अंगठा किंवा मनगट मोडतं. थंडीत तर दहा-दहा वेळा हँडल मारावं लागायचं, म्हणजे धोकाही तेवढाच वाढलेला.

यातून सुटका केली चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये त्याचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आला. त्याआधी समज असा होता की इंजिन फिरवायला लागणारी मोटार फारच मोठी होईल. केटरिंगने पूर्वी दुकानांच्या कॅश रजिस्टरला इलेक्ट्रिक मोटार बसवली होती. गल्ल्याची मोटार दिवसभर चालत नाही, क्षणभर चालते. मग छोट्या मोटारीवर क्षणभर झेपेल तेवढा जास्त लोड टाकला तर काय बिघडतं? तीच युक्ती त्याने गाडीत वापरली. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात की सेल्फ एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे थांबा. ती मोटार मुळात धावपटू आहे, हमाल नाही.

बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यातून ठिणगी पाडायची पद्धतही केटरिंगचीच. त्याच्या कंपनीचं नाव होतं डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं डेल्को. आपल्याकडे जुन्या गाड्यांचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला काय म्हणतात आठवतंय? "डेल्को"! गाडी फियाट असो वा अँबॅसिडर, आत जोसेफ ल्युकासचा माल असो वा आणखी कुणाचा, नाव डेल्कोच. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कंपनीचं नाव सरळगावच्या गॅरेजात अजून रोज घेतलं जातं.

आता थंडीकडे येऊ. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे आदर्श प्रमाण (वजनाने). पण इंजिन थंड असेल तर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. बरंचसं थेंबांच्या रूपात मॅनिफोल्डच्या थंड भिंतीला चिकटून बसतं. म्हणजे कार्बुरेटरने बरोबर माप टाकलं तरी ठिणगीपर्यंत पोचणारं मिश्रण पातळ असतं. यावर जुना उपाय एकच, मापापेक्षा खूप जास्त पेट्रोल टाकायचं. त्यातलं जे थोडं उडून जाईल तेवढ्यावर इंजिन पेट घेईल. हे काम करतो तो चोक. काही कार्बुरेटरमध्ये एक झडप हवा अडवते, काहींमध्ये जादा पेट्रोलची वेगळी छोटी वाट उघडते. ड्रायव्हरच्या हाताशी असलेली चोकची तार ओढायची, गाडी चालू झाली आणि जरा तापली की परत आत ढकलायची. आजच्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर सेन्सर बघून करतो, म्हणून माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी चोक फक्त बाइकवर पाहिलाय.

आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपचं गणित वेगळं. डिझेलला ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेतच ते पेटतं. थंड सिलिंडर ही उष्णता खाऊन टाकतो, म्हणून हीटर प्लग लागतात. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्युजोकडून डिझेल इंजिनचा परवाना घेतला. त्या इंजिनांचा कारखाना उभा राहिला इगतपुरीला, म्हणजे शहापूरहून कसारा घाट चढला की लगेच. आमच्याकडचे जीपवाले थंडीत आधी हीटर लावतात, मोजून थांबतात आणि मगच सेल्फ मारतात.

पण फियाट पेट्रोलची. तिची जन्मकथा सुरू होते १९३७ साली, इटलीतल्या तुरीन शहरात. फियाटने तेव्हा ५०८ सी नावाची गाडी काढली. डिझाइन दान्ते जिआकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली झालेलं. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी. तुरीन आल्प्सच्या पायथ्याशी आहे. जानेवारीत पहाटे पारा शून्याखाली जाणं तिथे नेहमीचंच. म्हणजे हे इंजिन ज्यांनी बनवलं त्यांच्या दारातच कडाक्याची थंडी होती आणि चोक हा त्यांच्यासाठी रोजचा भाग होता.

इकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी जहाज झालं, विमान झालं, आता मोटार, अशा जिद्दीने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायसलरच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंद गेले. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवावी लागेल. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये मुंबईतला आपला कारखाना बंद केला. प्रीमियर टिकली. १९५४ मध्ये फियाट ११०० आली, १९६४ मध्ये ११०० डिलाइट. फियाटशी करार संपल्यावर, १९७४ पासून त्याच गाडीचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. उत्पादन थांबलं ते २००० च्या आसपास. बॉनेटखालचं इंजिन मात्र शेवटपर्यंत त्या १०८९ सीसीच्या घराण्यातलंच. साठ वर्षांहून अधिक काळ प्रॉडक्शनमध्ये राहिलेला कोड!

याचे फायदे आणि तोटे दोन्ही झाले. फायदा हा की गाडी बदललीच नाही, म्हणून ती सगळ्यांना पाठ झाली. कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री डोळे मिटून तिचा कार्बुरेटर खोलायचा. तोटा असा की हे शहाणपण तयार झालं मुख्यतः मुंबईत, टॅक्स्यांच्या गॅरेजात. आणि मुंबईत थंडी कुठे असते? मुंबईतलं आजवरचं नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मध्ये. तुरीनचा माणूस त्याला थंडी म्हणणार नाही. दिवसभर तापलेल्या इंजिनाने फिरणाऱ्या टॅक्सीला चोक हा निरुपयोगी भाग. उलट तो चुकून ओढलेला राहिला की पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे पडतात. त्यामुळे "चोक म्हणजे पेट्रोल खाणारा" हे ज्ञान मुंबईहून कल्याणला आणि कल्याणहून मुरबाडला आलं. ते मुंबईपुरतं खरं होतं, एवढंच सांगायचं राहून गेलं.

आता परत अंगणात येऊ. शनिवारी दुपारी सरळगावहून मिस्त्रींना घेऊन आलो. वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी मुंबईत टॅक्स्यांच्या गॅरेजात काम केलेलं. मी माझी यादी काढली, त्यांनी पान्ह्यांची पिशवी.

पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. "गाडी थंड असली की त्रास, की हवा थंड असली की त्रास?" दोन्ही एकच वाटतं, पण नाही. आठवडाभर उभी राहिलेली गाडी मे महिन्यातही चटकन चालू होत नसेल, तर कार्बुरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि पंपाला ते परत आणायला वेळ लागतो. आमचं तसं नव्हतं. मे महिन्यात आठवड्यानेही ठीक, जानेवारीत रोज त्रास. म्हणजे हवेची थंडी.

मग एकेक संशयित बाद करत गेलो. बॅटरी: मल्टिमीटरवर १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३. ठीक. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि ऑइल घट्ट होतं, म्हणून सेल्फ सगळा करंट खाऊन ठिणगीला उपाशी ठेवतो, अशी एक शक्यता होती. ती गेली. ठिणगी: प्लग काढून बॉडीला टेकवला, निळी आणि टपोरी. पॉइंट साफ, गॅप बरोबर. कॉम्प्रेशन: मिस्त्रींनी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला, मी सेल्फ मारला, अंगठा फट् करून उडाला. चारही सिलिंडरला तेच. "रिंगा चांगल्या हायत," ते म्हणाले. आणि मग त्यांनी नुकताच काढलेला प्लग माझ्या हातात दिला. "बघ, काय दिसतंय?"

प्लग कोरडा ठणठणीत. इतका सेल्फ मारूनही पेट्रोलचा वास नाही. ओला असता तर गाडी पेट्रोल पिऊन बसली असं म्हणता आलं असतं. कोरडा म्हणजे जादा पेट्रोल येतच नाहीये.

"काका, चोक ओढा."

काकांनी ओढला. आत काहीच हललं नाही. टॉर्च मारून पाहिलं तर चोकची तार कार्बुरेटरला जोडलेलीच नव्हती. टोक गुंडाळून बाजूला खोचलेलं आणि कार्बुरेटरवरची चोकची दांडी बारीक तारेने कायमची बंद करून बांधलेली. तारेवर गंज आणि काळं ऑइल. मिस्त्री हसले. "हे आम्हीच करायचो. शंभरातल्या पन्नास गाड्यांना. गिऱ्हाईकच सांगायचं."

मग इतकी वर्षं गाडी चालायची कशी? सेल्फ मारण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर दोन-तीनदा दाबला की कार्बुरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. काकांची गाडी त्या पिचकारीवर आणि उतारावर जगत होती. ते खोलून पाहिलं तर पिचकारीचा रबरी पडदा कडक होऊन चिरलेला. वर्कअराउंडचाच टेकू मोडला होता. त्यात पेट्रोलही बदललंय. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट गाठलं गेलं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ते जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या मापाच्या कार्बुरेटरसाठी मिश्रण आणखी पातळ. जुन्या रबरालाही ते मानवत नाही. काका "दोन वर्षं झाली" म्हणत होते ते उगाच नाही. माळशेज चढून गेलं की जुन्नरकडे ऊस लागतो. त्याच पिकातून निघालेलं इथेनॉल घाटाखालच्या आमच्या फियाटला झेपेना.

पण चोकची तार कुणी काढली?

मी सहज म्हणून विचारलं. मिस्त्री पान्हे पुसत होते. काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मीच."

गाडी आजोबांनी १९८९ मध्ये सेकंडहँड घेतली होती, भाताच्या गिरणीच्या पैशातून. गावातली पहिली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेलाचे भाव उडाले आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या सरकारने पेट्रोलवर २५ टक्के आखाती अधिभार लावला. गाडी चालवायचे काका, तेव्हा विशीतले. आजोबा दर आठवड्याला पेट्रोलचा हिशेब मागायचे. कुणीतरी सांगितलं चोक पेट्रोल खातो. काकांनी तार काढायला सांगितली. त्या उन्हाळ्यात काहीच फरक जाणवला नाही.

जानेवारी १९९२ मध्ये एका पहाटे आजीला दम्याचा मोठा अटॅक आला. गाडी अंगणात, सपाटीवर उभी. पाऊण तास चालू झाली नाही. शेवटी रस्त्यावरून जाणाऱ्या दुधाच्या टेंपोत घालून आजीला मुरबाडला नेलं. आजी वाचली, त्यानंतर अकरा वर्षं जगली, मला तिने मांडीवर खेळवलंय. पण आजोबांनी दुसऱ्याच दिवशी गाडी उतारावर नेऊन लावली आणि सांगितलं, ही पुन्हा सपाटीवर दिसता कामा नये.

"तेव्हा वाटलं गाडीच वाईट मिळाली," काका म्हणाले. "तारेचं डोक्यातच आलं नाय कधी."

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड आहे. कोडची कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली ते सांगते. कुठल्या गाढवाने हे लिहिलंय म्हणून तावातावाने ती चालवावी आणि समोर आपलंच नाव यावं, हे प्रत्येक डेव्हलपरच्या नशिबी कधीतरी येतं. तेव्हा काय करायचं असतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "काका, तेव्हा जेवढं माहीत होतं त्या हिशेबाने बरोबरच केलंत तुम्ही. पेट्रोल महाग झालं होतं." आणि त्या पहाटे फक्त चोकच कारण होतं, की बॅटरीही बसली होती, हे आज कुणीही सांगू शकत नाही. चौतीस वर्षांपूर्वीचे लॉग कुणाकडे आहेत? त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

मिस्त्रींच्या पत्र्याच्या डब्यात कुठल्याशा भंगारात गेलेल्या पद्मिनीचा, पण धड असलेला पडदा निघाला. चोकच्या तारेत ऑइल सोडून सोडून ती मोकळी केली, दांडीला बांधलेली बारीक तार पक्कडीने तोडली आणि दोन्ही एका स्क्रूने जोडलं. एकूण खर्च मिस्त्रींची मजुरी आणि तीन कप चहा. रात्रभर गाडी मुद्दाम अंगणात ठेवली.

रविवारी सकाळी सहा, १० अंश. काकांनी चोक पूर्ण ओढला, सेल्फ मारला. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा शिंकली. तिसऱ्यांदा धडधडत चालू झाली आणि अंगणभर धूर! काकू पडवीतून ओरडली की धुतलेले कपडे आत घ्या. काकांनी दोन मिनिटं थांबून चोक हळूहळू आत ढकलला, अगदी तुरीनवाल्यांना अपेक्षित होतं तसा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे रस्त्यावरून गेली. पडदे, जेट, पॉइंट आता डब्यांमध्येच सापडतात आणि अंगठ्याने कॉम्प्रेशन मोजणारे मिस्त्रीही सत्तरीपलीकडचे. तुमच्या घरी अशी एखादी गाडी रुसून बसली असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक प्लग काढून बघा, ओला आहे की कोरडा. आणि गाडीवर आधी कुणीकुणी हात चालवलाय ते घरातल्या मोठ्यांना विचारा. थंडी बिघाड करत नाही, आधीच करून ठेवलेला दाखवते.

भंगारवाल्याला काकांनी नाही सांगितलं. संध्याकाळी मी निघालो तेव्हा ते गाडी फिरवून आणत होते. वाटलं आता अंगणात लावतील. त्यांनी ती उतारावर नेली, तोंड खाली केलं आणि चाकांपुढे दोन दगड ठेवले.

मी काही बोललो नाही. असो.